वही कोणाच्या हातात?



या व्यासपीठावरून आपण विद्वानांची व्याख्याने ऐकत आला आहात. आम्ही विद्वान नाही. आमचे शाळेचे शिक्षण नववीला थांबले. पुढचे शिक्षण जिनिंगच्या आवारात, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि गावच्या वाचनालयातल्या लाकडी बाकावर झाले. चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा हे गृहस्थ किमान वेतनावर बोलणार असे त्यांनी धरून ठेवले होते. आम्ही म्हटले, "पत्त्यांवर बोलतो." ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले.

जुगार वाईट, एवढेच सांगायचे असते तर त्याला तास लागत नाही, आणि ते सांगायला आमचीही गरज नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात ते सांगणारी आई होऊन गेली आहे. आज आम्हांला सांगायचे आहे ते वेगळेच. जुगारात माणूस नशिबाने हरतो अशी आपली समजूत आहे. परंतु अलीकडे पत्त्यांचा एक असा खेळ निघाला आहे, की त्यात समोरचा माणूस तुमच्या सवयींची वही उघडून बसलेला असतो, आणि तशी वही आहे हे तुम्हांला ठाऊकही नसते. त्या वहीबद्दल आम्ही बोलणार आहोत.

अशी वही पहिल्याने कोणी ठेवली? आपल्याकडे तरी शकुनीने. महाभारतातल्या सभापर्वात दुर्योधन पांडवांच्या वैभवाने जळत बसलेला असतो, तेव्हा शकुनी त्याला काय सांगतो ते आठवून पाहा. युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे, त्याला खेळता मात्र येत नाही, आणि कोणी बोलावले तर त्याला नाही म्हणवत नाही. अशा तीन नोंदी तो देतो. फाशांची गोष्ट पुढची. डाव मांडण्यापूर्वीच त्याने माणूस मोजून ठेवला होता. आपण लहानपणापासून शकुनीचे फासे कपटाचे होते एवढेच ऐकत आलो. पण फासे खरे असते तरी त्या तीन नोंदींवर धर्मराज हरलाच नसता काय? हा प्रश्न आपण मनात ठेवावा. पुढे लागणार आहे.

आता आमच्या काळाकडे येऊ. दोन-तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आधी, एक तरुण कंत्राटी कामगार आमच्या युनियनच्या कचेरीत आला. आला तो पगाराच्या तक्रारीसाठी नव्हे, मदत निधीतून उचल मागायला. बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे गेले, म्हणाला. किती गेले? पावणेदोन लाख. कसे गेले? तर मोबाईलवर पोकर खेळून.

आम्ही विचारले, "कोणी फसवलं का रे?"

तो म्हणाला, "नाही भाऊ, फसवलं कोणी नाही. पत्तेच येऊन नाही राहिले. नशीबच फुटकं आहे माझं."

हे शब्द आमच्या कानांत बसले. चाळीस वर्षांपूर्वी मटक्याचा आकडा लावणारे आमच्या गल्लीतले लोक असेच बोलत. कामगारांच्या वस्तीत जन्म काढलेल्या माणसाला मटका नवा नाही. आणि मटक्याचा आपल्या मातीशी जुना संबंध आहे, हेही सांगून ठेवतो. मुळात तो कापसाच्या भावावरचा जुगार. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईला येत, आणि त्या आकड्यांवर पैसा लागे. १९६१ च्या सुमारास ते आकडे बंद झाले, तेव्हा चिठ्ठ्या मडक्यातून काढू लागले आणि मटका हे नाव पडले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मात्र कापूस बाजाराचेच राहिले. वर्धा-हिंगणघाटचा शेतकरी ज्या भावाची वाट पाहत वखारीशी बसे, त्याच भावावर गिरणीतला मजूर आपली आठवड्याची कमाई लावी.

पण मटक्याचा हिशेब सरळ होता. दहा आकड्यांतून एक निघणार. तुमचा निघाला तर रुपयाला नऊ मिळणार. दहात एक संधी आणि नऊ पट पैसे, म्हणजे मधला फरक चालवणाऱ्याच्या खिशात. मटका लुटत होता, परंतु सर्वांना एकाच मापाने लुटत होता. तुम्ही कोण, दारू पिऊन आलात की पगार घेऊन आलात, काल किती हरलात, हे त्या मडक्याला ठाऊक नव्हते. मडक्याला डोळे नव्हते. या पोराच्या खेळाला डोळे होते, आणि ते आम्हांला पुढे दिवाळीत कळले.

त्याआधी पोकर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण सभेत असे पुष्कळ लोक असतील ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, आणि ते चांगलेच आहे. आपल्याकडची तीन पत्ती पुष्कळांना माहीत आहे. त्याच जातीचा हा खेळ. टेक्सास होल्डेम नावाच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते गुप्त मिळतात, आणि मध्ये पाच पत्ते सर्वांसाठी क्रमाक्रमाने उघडतात. पैसे लावण्याच्या चार फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत तुम्ही समोरच्याइतके पैसे घाला, त्याहून वाढवा, किंवा पत्ते टाकून द्या, ज्याला आपली पोरे 'पॅक' म्हणतात. सगळ्यांनी पत्ते टाकले तर शेवटी उरलेला माणूस पत्ते न दाखवताच पैसे उचलतो. म्हणजे हातात काही नसतानाही, समोरच्याला भिववून डाव जिंकता येतो. या खेळाचे सारे मर्म येथे आहे. तुमचे पत्ते काय आहेत यापेक्षा समोरचा केव्हा भितो, हे कळणे अधिक मोलाचे.

प्रत्यक्ष बैठकीत हे तोंडाकडे पाहून ओळखतात. त्यात आपल्याला नवल वाटू नये. बैलबाजारात रुमालाखाली हात घालून बोटे दाबून सौदा होतो, तो आपण पाहिला आहे. हेडी बैलाचे दात पाहतो, पण त्याआधी बैल विकायला आलेल्या शेतकऱ्याचे तोंड पाहतो. याच्या घरी दुखणे आहे काय? सावकाराची मुदत भरली आहे काय? हा संध्याकाळी बैल परत नेऊ शकेल काय? बैलाची किंमत दातांवर ठरत नाही, विकणाऱ्याच्या गरजेवर ठरते. तरीपण शेतकरीही हेड्याचे तोंड पाहू शकतो. दोघे एकाच उन्हात उभे असतात. ही बरोबरी लहान असली तरी बरोबरी आहे.

मोबाईलवरच्या खेळात तोंड नाही. मग काय ओळखणार? त्या दिवाळीला आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा पुण्याहून घरी आला होता. संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. हा खेळ तो स्वतः पुष्कळ वर्षे खेळला होता, परदेशी साइटवरसुद्धा. आम्ही त्याला ही हकीगत सांगितली. तो म्हणाला, "काका, दाखवतोच तुम्हांला," आणि त्याने आपला संगणक उघडला.

पडद्यावर पत्त्यांचे टेबल होते, आणि प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली तीन-चार आकडे होते. ते आकडे टेबल चालवणाऱ्या कंपनीने दिलेले नव्हते. या मुलाच्या संगणकातल्या वेगळ्या सॉफ्टवेअरने काढले होते. पोकर ट्रॅकर, होल्डेम मॅनेजर ही त्यांतली नावाजलेली नावे. या शतकाच्या पहिल्या दशकातच ती जगभर पसरली. तिकडे खेळलेल्या प्रत्येक डावाची लेखी नोंद खेळाडूच्या संगणकात उतरते. कोणी किती लावले, कोणी वाढवले, कोणी टाकले, सारे काही. हे सॉफ्टवेअर त्या नोंदी वाचते, हजारो डावांची बेरीज मारते, आणि समोरच्या प्रत्येकाच्या सवयीचा आकडा त्याच्या नावाखाली चिकटवते.

पहिला आकडा सांगतो की शंभर डावांपैकी किती डावांत या माणसाने आपण होऊन पैसे घातले. वीस-पंचवीस असेल तर तो निवडून खेळणारा. पन्नास-साठ असेल तर त्याला पत्ते टाकवत नाहीत, प्रत्येक डावात हात घालावासा वाटतो. दुसरा आकडा, किती वेळा त्याने स्वतः पैसे वाढवले. हा पहिल्याच्या मानाने फार लहान असेल, तर तो मागून मागून जाणारा आहे, पुढाकार घेणारा नाही. तिसरा, समोरून कोणी वाढवले तर किती वेळा तो पत्ते टाकतो. असे आणखी कितीतरी आकडे असतात. वीस-तीस डावांच्या आकड्यांवर काही विश्वास ठेवता येत नाही. काहीशे डावांनंतर स्थूल चित्र दिसू लागते. हजारो डावांनंतर माणूस उघडा पडतो. बैठकीच्या खेळात तासाला पंचवीस-तीस डाव होतात. संगणकावर एकाच वेळी अनेक टेबलांवर बसता येते, त्यामुळे या हजारो डावांना फार दिवस लागत नाहीत.

या आकड्यांचा उपयोग काय, ते साध्या हिशेबाने पाहू. मध्ये शंभर रुपये पडले आहेत. आपण पन्नास रुपये लावून समोरच्याला भिववायचे ठरवले. तो पळाला तर आपल्याला शंभर मिळाले. तो नाही पळाला तर, आपल्या हातात काहीच नाही असे धरा, पन्नास गेले. तीन वेळांपैकी एकदा तो पळाला तरी आपण बरोबरीत सुटतो. आता त्याच्या नावाखाली लिहिले आहे की हा दहांपैकी सहा वेळा पळतो. मग दहा वेळांचा हिशेब करा. सहा वेळा शंभर, म्हणजे सहाशे आले. चार वेळा पन्नास, म्हणजे दोनशे गेले. चारशे रुपये निव्वळ नफा. आणि या साऱ्यात आपण आपले पत्ते एकदाही पाहिले नाहीत! पत्ते पाहण्याची गरजच उरली नाही. आपण पत्त्यांशी खेळत नव्हतो. त्या माणसाच्या भीतीशी खेळत होतो, आणि भीतीचा भाव आपल्याला ठाऊक होता.

त्या मुलाने आणखी एक गोष्ट दाखवली. काही नावांवर वेगळा रंग होता. आम्ही विचारले, हे काय? तो थोडा ओशाळला. म्हणाला, "काका, ह्यांना आम्ही मासे म्हणतो." आपल्याकडे बकरा म्हणतात तोच अर्थ. जे नेहमी हरतात त्यांना रंग द्यायचा, ते कोणत्या टेबलावर बसले आहेत ते शोधायचे, आणि त्यांच्या डाव्या हाताची जागा पकडायची. कारण तेथे बसणाऱ्याची पाळी त्यांच्यानंतर येते, त्यांची चाल पाहून मग आपली चाल करता येते. हे टेबल शोधण्याचे आणि जागा धरण्याचे कामसुद्धा करणारी सॉफ्टवेअरे निघाली होती. म्हणजे आमचा तो कामगार रात्रपाळी करून पहाटे खोलीवर येई, मोबाईल उघडून एखाद्या टेबलावर बसे, आणि त्याला वाटे की आपण टेबल निवडले. टेबलाने त्याला निवलेले असण्याचाच संभव अधिक.

येथे कोणी म्हणेल, ही तर फसवणूक झाली. बंधुभगिनींनो, ती फसवणूक नव्हे, म्हणूनच आम्ही तिच्यावर बोलत आहोत. फसवणुकीचे प्रकार आहेतच. २०२३ च्या जुलैत नागपूरच्या पोलिसांनी शेजारच्या गोंदियात छापा घालून कोट्यवधींची रोकड आणि सोने पकडले, ते प्रकरण आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. एका व्यापाऱ्याचे ऑनलाइन जुगारात अठ्ठावन्न कोटी गेल्याची ती तक्रार होती. तसल्या गुन्ह्याला पोलीस आहेत, न्यायालय आहे. पण नोंद ठेवणे आणि बेरीज मारणे हा गुन्हा नव्हे. उलट खेळाचे पुरस्कर्ते याच गोष्टीला कौशल्य म्हणत आले.

हा कौशल्याचा मुद्दा आपल्या देशात फार महत्त्वाचा ठरला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीच्या खटल्यात निकाल दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला एके काळी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. तीन पत्ती हा निव्वळ दैवाचा खेळ, परंतु रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता धरावा कोणता टाकावा याला बुद्धी लागते, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ, असा त्यांचा विचार होता. पुढे पोकरवाल्यांनी हेच बोट धरले. गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली ते मानले नाही. इतरत्र वाद चालू राहिला.

आम्ही कायदेपंडित नाही, पण एक साधा प्रश्न विचारतो. पडलेले पत्ते लक्षात ठेवणे हे कौशल्य आहे, कारण ते पत्ते सर्वांसमोर पडलेले असतात. जो लक्ष देईल त्याला ते दिसतील. परंतु ज्याच्याकडे सॉफ्टवेअर आहे त्याला दहा हजार डाव आठवतात, आणि ज्याच्याकडे साधा मोबाईल आहे त्याला काल रात्रीचा डावही धड आठवत नाही. या फरकाला कौशल्य म्हणायचे, की भांडवल म्हणायचे? हातमागवाला आणि गिरणीवाला यांच्यात कौशल्याचा फरक होता काय? आमच्या मते ज्याच्या हाती यंत्र तो कुशल, आणि ज्याच्या हाती नाही तो कमनशिबी, अशी ही वाटणी आहे.

खुद्द खेळ चालवणाऱ्या कंपन्यांनाही ही गोष्ट पुढे बोचू लागली. भूतदयेने नव्हे. मासे संपले तर कोळ्याचा धंदा बसतो, म्हणून. बोडॉग नावाच्या कंपनीने २०११ मध्ये नावे न दाखवणारी टेबले काढली. पोकरस्टार्सने २०१५ मध्ये अशा सॉफ्टवेअरांवर नवी बंधने घातली. पार्टीपोकरने २०१९ च्या जूनमध्ये नावाखालचे आकडे दाखवणे पूर्ण बंद केले आणि खेळाडूंना जुनी नावे बदलू दिली, म्हणजे जुन्या वह्या निकामी झाल्या. हे बरे झाले. पण लक्षात ठेवा, खेळाडूंच्या हातातली वही काढून घेतली तरी कंपनीच्या हातातली वही तशीच राहिली. प्रत्येक डावाची, प्रत्येक माणसाची, सर्वांत पूर्ण नोंद चालवणाऱ्याकडेच असते. अड्डेवाला जशी नाल काढतो तशी कंपनी प्रत्येक डावातून आपला वाटा काढते. तुम्ही केव्हा खेळता, हरल्यावर किती वेळाने पुन्हा पैसे भरता, हे तिला दिसते. हरलेल्या रात्रीनंतर सकाळी मोबाईलवर सवलतीचा निरोप येतो; तो योगायोगाने येतो असे मानण्याइतके आपण भोळे राहू नये.

मग वही वाईट काय? येथे आमचे मत थोडे वेगळे आहे. वही वाईट नाही. वही एकाच बाजूला असणे वाईट. त्याचा दाखला याच खेळात मिळतो. २००७ सालची गोष्ट. ॲब्सोल्यूट पोकर नावाच्या साइटवर एक खेळाडू असा जिंकू लागला की लोकांना संशय आला. त्या सप्टेंबरातल्या एका स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या खेळाडूने आपल्या डावांची नोंद कंपनीकडे मागितली. कंपनीने पाठवलेल्या नोंदीत, कोणाच्या तरी चुकीने, सर्वच खेळाडूंचे गुप्त पत्ते होते. खेळाडूंनी ती नोंद ओळीने ओळ तपासली. जिंकणारा माणूस सर्वांचे पत्ते दिसत असल्यासारखा खेळत होता, आणि आतल्या कोणाला तरी ते खरोखर दिसत होते. कंपनीने आधी नाकारले, मग कबूल केले, आणि २००८ च्या जानेवारीत नियामक मंडळाने तिला पाच लाख डॉलर दंड केला. तिच्या जोडीच्या अल्टिमेट बेट या साइटवरचा तसाच प्रकार त्याच वर्षी उघडकीला आला. तेथेही अशक्य वाटणारे आकडे खेळाडूंनीच हुडकून काढले. चोर पोलिसांनी पकडला नाही, देवाने पकडला नाही. खेळाडूंनी बेरीज मारली आणि चोर बेरजेत सापडला.

कामगार चळवळीतल्या माणसाला यात नवे काही नाही. मस्टर मालकाच्या टेबलावर असते तोवर हजेरी मालक म्हणेल ती. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने मालकावर नोंदवह्या ठेवण्याची सक्ती आणली, तिची किंमत आम्ही कामगार न्यायालयात शिकलो. तोंडी भांडणात आम्ही पुष्कळदा हरलो. वही पुढे आली की जिंकलो. शेजारच्या वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, तो आपल्या देशातला या प्रकारचा पहिला कायदा मानतात. त्याने व्यापाऱ्याला साधू केले नाही. त्याने सौदा उघड्या आवारात नियमाखाली आणला, एवढेच. आणि तेवढेच पुष्कळ होते.

आणखी एक घटना सांगतो, आणि मग आमच्या त्या पोराकडे परत येतो. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरी लिब्रॅटस नावाच्या संगणकाने चार अव्वल पोकरपटूंना वीस दिवसांत एक लाख वीस हजार डाव खेळून हरवले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी तो घडवला होता. आम्हांला वाटले, या यंत्राने त्या चौघांच्या सवयींची केवढी मोठी वही ठेवली असेल! वाचून पाहिले तर उलटेच निघाले. ते रोज रात्री समोरच्यांच्या चुका शोधत बसले नव्हते. दिवसभरात समोरच्यांनी आपल्या खेळातली कोणती फट हुडकली, ते पाहून ते स्वतःच्या फटी बुजवीत होते. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि त्या पोराला बोलावणे पाठवले.

तो आला. खेळून झालेल्या आपल्या डावांची नोंद त्याला मोबाईलवर पाहता येत होती. आम्ही शंभर पानी वही घेतली, चार रकाने आखले, आणि तीन रविवार दोघे कचेरीत बसलो. तो वाचून दाखवी, आम्ही रेघा ओढू; मस्टर तपासताना ओढतो तशाच. तिसऱ्या रविवारी बेरजा केल्या. शंभरात साठाहून अधिक डावांत त्याने पैसे घातले होते. कोणी जोराने वाढवले की दहांपैकी सात वेळा पत्ते टाकले होते. आणि सर्वांत मोठ्या रकमा गेल्या होत्या त्या रात्रपाळीनंतरच्या पहाटे, चार ते सहाच्या दरम्यान, आधीचे हरलेले भरून काढताना.

तो बराच वेळ त्या रकान्यांकडे पाहत बसला. मग म्हणाला, "भाऊ, पत्ते तं बरोबरच येऊन राहिले होते."

बंधुभगिनींनो, आमच्या सगळ्या व्याख्यानाचा सारांश त्या एका वाक्यात आहे. पत्ते सर्वांना सारखेच येत होते. नशीब फुटके नव्हते. त्याची थकवा आणि भीती यांची नोंद दुसऱ्याच्या हातात होती, आणि त्याच्या स्वतःच्या हातात नव्हती. ज्याला तो दैव म्हणत होता ती दुसऱ्याची बेरीज होती.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की दैवाचा हा भेदच त्याने बाजूला सारला. काही दिवसांत देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले, आणि काहींनी न्यायालयाची वाट धरली. आम्हांला कायद्याचा आनंद झाला. परंतु आम्ही वर्धा जिल्ह्याचे लोक आहोत. दारूबंदीच्या जिल्ह्यात आमची हयात गेली. कायद्याने पुढचे दार बंद होते तेव्हा मागच्या दाराला किती वर्दळ होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. परदेशातल्या साइटला जिल्ह्याची वेस नाही. तेव्हा कायदा हवाच, पण कायदा झाला म्हणून शहाणपणाची गरज संपली असे नाही.

आणि दुसरे असे की ही वही आता पत्त्यांच्या टेबलावर राहिलेली नाही. घरपोच माल आणून देणाऱ्या पोरांकडे पाहा. कोणत्या पोराने किती ऑर्डरी नाकारल्या, कोण पावसात निघतो, कोण किती वेळ थांबतो, सारे कंपनीकडे लिहिलेले असते. मोबाईलवरून कर्ज देणाऱ्याला तुमच्या फेडीच्या तारखा पाठ असतात. कोण दहांपैकी सहा वेळा पळतो, हा प्रश्न मजुरीच्या बाजारातही विचारता येतो. ज्या कामगाराला नाही म्हणवत नाही, त्याची मजुरी ठरवताना त्याचे पत्ते पाहायची गरज नसते.

म्हणून आमची मागणी जुनीच आहे. फक्त मस्टर नवे आहे. ज्याची नोंद, त्याला ती पाहता आली पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात, आपल्याविषयी काय माहिती ठेवली आहे त्याचा गोषवारा मागण्याचा हक्क लिहिला आहे, आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले. कागदावरचा हक्क आपोआप हातात पडत नाही, हे आम्ही मस्टरच्या लढाईत शिकलो. तो मागावा लागतो, आणि एकट्याने मागून मिळत नाही. तोवर प्रत्येकाने निदान एक करावे. आपली वही आपण ठेवावी. पैसा केव्हा जातो, कोणत्या वेळी जातो, कोणत्या भीतीने आणि कोणत्या आशेने जातो, हे चार रकाने आखून लिहावे. धर्मराजाने आपल्याविषयीच्या त्या तीन नोंदी स्वतः लिहून पाहिल्या असत्या, तर तो सभेत गेला असता, पण पटापाशी बसला नसता असे आम्हांला वाटते.

त्या पोराला युनियनच्या निधीतून थोडी उचल दिली. बहिणीचे लग्न एक वर्ष पुढे गेले, पण झाले. आम्ही जेवायला गेलो होतो. शंभर पानी वही आम्ही त्यालाच देऊन टाकली. आता खेळत नाही, असे तो म्हणतो. आम्ही ते तपासायला गेलो नाही. ती त्याची वही आहे.